'करतोय', 'करून राहिलो' आणि तीन लाख वर्षं

नवी पेठेतल्या एका अमृततुल्यात सकाळी चहा घेत उभा होतो. बाजूला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा, बोलण्यावरून अमरावतीकडचा, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अभ्यास करून राहिलो ना बे." बाकावर सत्तरीतले एक काका पेपर वाचत बसले होते. त्यांना राहवलं नाही. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अरे, 'करून राहिलो' काय? 'करतोय' म्हण." मुलगा सभ्य होता. "हो काका," म्हणाला आणि फोनवर जरा हळू आवाजात, "काही नाही बे, एक काका मराठी शिकवून राहिले."

मला हसू आलं, पण नंतर दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. काकांना खटकलेली ती 'चूक' आणि माणसाला व्याकरण मुळात मिळालं कुठून हा प्रश्न, दोन्हींचा संबंध वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे.

आधी व्याकरण म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्यात व्याकरण म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ आणि लाल पेन आठवतं. ते झालं लेखनाचं. इथे व्याकरण म्हणजे बोलण्यातली जोडणी. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणूस कुत्र्याला चावला'. दोन्हीकडे तेच कुत्रा, तोच माणूस, तेच चावणं. फक्त 'ला' इकडचा तिकडे गेला आणि रोजची घटना बातमी झाली. 'माणसाला कुत्रा चावला' असं उलटं म्हटलं तरी चावणारा बदलत नाही. चार वर्षांच्या मुलीला हे सगळं येतं. विभक्ती हा शब्द तिने ऐकलेलाही नसतो.

'व्याकरण' या शब्दाचा अर्थच मुळात उलगडून वेगळं करणं असा आहे. पाणिनीने सुमारे ४००० सूत्रं रचली, पण संस्कृत त्याने घडवलं नाही. लोक बोलत होते ते त्याने उलगडून दाखवलं. पतंजलीच्या महाभाष्यात यावर एक झकास दाखला आहे. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो आणि घडा करून दे म्हणतो. पण बोलायला शब्द हवेत म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती तयार करणारे कीलहॉर्न आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. म्हणजे हा दाखला पुण्याला नवा नाही, आपण तो विसरतो इतकंच.

मग शब्द आणि त्यांची जोडणी आली कुठून? १८६६ साली पॅरिसच्या भाषाविज्ञान संस्थेने आपल्या नियमांतच लिहून टाकलं की भाषेच्या उगमावरचे निबंध आम्ही स्वीकारणार नाही. लोक वाटेल ते तर्क लढवत होते आणि खरं-खोटं करायला हाती काही नव्हतं. हाडं उरतात, दगड उरतात, बोललेलं वाक्य उरत नाही. तरी पाचच वर्षांनी, १८७१ मध्ये, डार्विनने या विषयाला हात घातलाच. त्याचं निरीक्षण साधं होतं. प्रत्येक मूल आपणहून बोबडं बोलू लागतं, पण पाव भाजायची किंवा लिहायची उपजत ओढ कोणत्याच मुलाला नसते. आणि तरीही प्रत्येक भाषा शिकावीच लागते. जन्मजात ओढ आणि शिकलेली गोष्ट, दोन्ही एकत्र. पुढचं दीडशे वर्षांचं भांडण या एका गाठीभोवती आहे.

प्राण्यांपासून सुरुवात करू. केनियातल्या व्हर्व्हेट माकडांवरचा १९८० चा अभ्यास प्रसिद्ध आहे. बिबट्या दिसला की एक हाक, गरुडासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. संशोधकांनी नुसतं ध्वनिमुद्रण ऐकवलं तरी बिबट्याच्या हाकेवर माकडं झाडावर चढत, गरुडाच्या हाकेवर वर पाहत आणि सापाच्या हाकेवर पायांखालचं गवत न्याहाळत. शब्दांसारखंच काहीतरी आहे हे. पण 'काल इथे बिबट्या होता' किंवा 'बिबट्या नाहीये, या खाली' असं त्यांना सांगता येत नाही. हाक म्हणजे आत्ता आणि इथे.

जोडणीच्या जवळ पोचणारं उदाहरण जपानमधल्या चिमणीएवढ्या एका पक्ष्याचं आहे. एका आवाजाचा अर्थ 'धोका, सावध', दुसऱ्याचा 'इकडे या'. शत्रूला मिळून हुसकावताना हे पक्षी आधी पहिला आणि मग दुसरा असे दोन्ही आवाज काढतात. ऐकणारे सावधपणे इकडेतिकडे पाहत जवळ येतात. २०१६ मध्ये संशोधकांनी हाच क्रम उलटा करून ऐकवला, तर पक्षी फारसे हललेच नाहीत. क्रमाला अर्थ आहे. मात्र गाडी दोन डब्यांवर थांबते.

आपल्या जवळच्या नातलगाला, चिंपांझीला, शिकवून पाहिलं तर? १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निम नावाच्या चिंपांझीला माणसांत वाढवून हातांची खुणांची भाषा शिकवली गेली. त्याला सव्वाशेच्या आसपास खुणा आल्या. पण त्याचं सर्वांत लांब 'वाक्य' सोळा खुणांचं होतं आणि त्यात संत्रं, दे, मी, खा, तू एवढेच शब्द उलटसुलट फिरत होते. आपलं दोन वर्षांचं पोर 'बाबा भूर्र' म्हणतं, सहा महिन्यांनी 'बाबा ऑफिसला गेले' म्हणतं. निमची वाक्यं लांबली, पण त्यांत नवीन काही येईना. आणखी एक गोष्ट: मूल 'चंद्र' म्हणून बोट दाखवतं ते चंद्र मागायला नव्हे, तुम्हीही पाहावा म्हणून. निमला बहुतेक वेळा काहीतरी हवं असे. मला तर वाटतं, खरा फरक शब्दांच्या आधी या बोटात आहे.

शरीराचं काय? बरीच वर्षं सांगितलं जाई की माणसाचं स्वरयंत्र घशात खाली उतरलं म्हणून आपण बोलू शकलो. २०१६ मध्ये मकाक जातीच्या माकडांचा घसा क्ष-किरण चित्रणातून तपासला, तेव्हा दिसलं की बोलण्यापुरते वेगवेगळे स्वर काढण्याइतका तो सक्षम आहे. पेटी होती, वाजवणारा मेंदू नव्हता. इस्राएलमधल्या केबारा गुहेत सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथलचं, म्हणजे माणसाच्या नामशेष झालेल्या चुलत जातीचं, जिभेच्या मुळाशी असणारं नालाच्या आकाराचं हाड सापडलं, ते जवळजवळ आपल्यासारखंच.

मग जनुक. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्या जवळपास निम्म्या माणसांना शब्द उच्चारायला आणि वाक्य जुळवायला त्रास व्हायचा. २००१ मध्ये त्यामागचा बिघाड एका जनुकात सापडला. त्याचं नाव फॉक्सपी-टू. लगेच 'भाषेचं जनुक सापडलं' अशा बातम्या झळकल्या. पण हे जनुक उंदरातही आहे आणि पक्ष्यातही. माणसात आणि चिंपांझीत त्याच्या प्रथिनात दोन ठिकाणी फरक आहे, आणि २००७ मध्ये कळलं की ते दोन्ही बदल निअँडरथलमध्येही होते. म्हणजे एक जनुक बदललं आणि माणूस बोलू लागला, ही गोष्ट सांगायला सोपी असली तरी खरी नाही.

इथे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जगातल्या भाषा वरवर कितीही वेगळ्या दिसल्या तरी वाक्य बांधायची मूळ कुवत सगळ्या माणसांत उपजत आणि एकच आहे. तिचं मर्म म्हणजे एका रचनेच्या पोटात तशीच दुसरी बसवता येणं. 'शेजारच्या काकूंच्या भावाच्या मेहुणीचा मुलगा.' लग्नघरात हे वाक्य कितीही लांबतं आणि सगळ्यांना कळतं. २००२ च्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत मांडलं की माणसाच्या भाषेत खास असं कदाचित एवढंच आहे. ही कुवत एका छोट्या बदलातून, उत्क्रांतीच्या मानाने अचानक आली असावी, असं चॉम्स्की मानतात. यावर सुचणारा पहिला प्रश्न असा की पहिल्या ज्या एकाला व्याकरण सुचलं, तो बोलला कुणाशी? त्यांचं उत्तर आहे की आधी ती विचाराची सोय होती, बोलणं नंतर. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं.

पिंकर आणि ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दुसरी बाजू घेतली. डोळा जसा हळूहळू, प्रत्येक टप्प्यावर थोडा उपयोगी पडत घडला, तसंच व्याकरणही नैसर्गिक निवडीने घडलं. अर्धवट व्याकरणही काहीच नसण्यापेक्षा बरं. टोमासेलोंसारखे अभ्यासक तिसरंच म्हणतात: व्याकरणासाठी वेगळी यंत्रणा मानायची गरज नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, नक्कल करणं, ऐकलेल्यातून साचे उचलणं, एवढं असलं की पिढ्यांच्या वापरात व्याकरण घडत जातं. डेक्कनच्या चर्चासत्रात हे तिन्ही पक्ष एका टेबलाशी बसवले तर जेवणाची सुट्टी चुकेल.

या वादात तर्कापेक्षा मोलाची एक गोष्ट डोळ्यांसमोर घडली, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बहिरी मुलं आपापल्या घरात एकेकटी वाढत. प्रत्येक घरात आईशी, भावंडांशी बोलायच्या खाणाखुणा वेगळ्या. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात अशा मुलांना शाळेत एकत्र आणलं जाऊ लागलं, १९८० मध्ये मोठ्या मुलांसाठी आणखी एक शाळा निघाली आणि काही वर्षांत चारशेवर मुलं जमली. शिक्षकांचा भर ओठांवरून स्पॅनिश ओळखण्यावर होता आणि तो साफ फसला. पण वर्गाबाहेर, मैदानात आणि बसमध्ये, मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळत होती. शिक्षकांना कळेना मुलं काय बोलतायत. १९८६ मध्ये जूडी केगल नावाच्या भाषाशास्त्रज्ञेला बोलावलं, तेव्हा लक्षात आलं की एक नवी भाषा जन्माला येते आहे.

खरी गंमत पुढे आहे. मोठ्या, आधी आलेल्या मुलांच्या खुणा ओबडधोबड होत्या. नंतर चार-पाच वर्षांची असताना आलेल्या मुलांनी त्याच खुणा उचलल्या आणि त्यांत अशी शिस्त आणली जी कुणी शिकवली नव्हती. २००४ च्या एका अभ्यासात उतारावरून गडगडत खाली येणाऱ्या मांजराचं कार्टून दाखवून त्याचं वर्णन करायला सांगितलं. पर्वतीच्या पायऱ्यांवरून नारळ गडगडला तर तुम्ही हाताने कसं दाखवाल? बोट गोल फिरवत हात खाली आणाल, एकाच हालचालीत. आधीची मुलं बहुतेक तसंच करत. धाकट्यांनी त्याचे दोन तुकडे केले: आधी 'गडगडणं', मग 'खाली'. चित्र म्हणून हे कमी हुबेहूब आहे. पण आता 'गडगडणं' सुटं झालं, 'खाली' सुटं झालं. 'चालत खाली', 'गडगडत वर' असं काहीही जोडता येतं. अख्ख्या चित्राचे सुटे भाग करून ते पुन्हा जोडणं, हीच तर व्याकरणाची सुरुवात, आणि ती लहान मुलांनी केली.

२००८ मध्ये एडिनबरोत सायमन कर्बी आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. लहानपणी रांगेत बसून कानात वाक्य सांगायचा खेळ आपण खेळलोय, तसाच. तीन आकार, तीन रंग, तीन हालचाली अशी २७ चित्रं आणि प्रत्येकाला एक निरर्थक शब्द. पहिल्या माणसाला त्यातले काही शिकवले, परीक्षा मात्र सगळ्या चित्रांवर घेतली. त्याची उत्तरं, चुकांसकट, दुसऱ्याला धडा म्हणून दिली. असे दहा जण. एकच शब्द अनेक चित्रांना वापरला गेला तर जास्तीचे गुपचूप गाळायचे, एवढी एक अट. दहाव्यापर्यंत शब्दांचे तुकडे पडलेले दिसले: सुरुवातीचा तुकडा रंगाचा, मधला आकाराचा, शेवटचा हालचालीचा. यात भाग घेणाऱ्यांना आपण भाषा घडवतोय याचा पत्ताच नव्हता. प्रत्येक जण फक्त आठवायचा प्रयत्न करत होता. ज्यात काही नियम आहे ते न ऐकताही ओळखता येतं, म्हणून ते पुढच्याकडे पोचतं, बाकीचं वाटेत गळतं. आपली मुलं 'मी करलं' म्हणतात ते याच कारणाने. हे त्यांनी कुणाकडून ऐकलेलं नसतं. 'बसलं', 'उठलं', 'धरलं' यांवरून त्यांनी नियम काढलेला असतो. 'केलं' टिकून आहे, कारण दिवसातून शंभरदा कानावर पडून ते मुलाला पाठ होतं.

आता परत मराठीकडे, कारण मोठी प्रयोगशाळा आपल्या तोंडातच आहे. 'प्रेमापोटी', 'रागापोटी', 'भीतीपोटी' म्हणतो तेव्हा त्यात कुणाचं पोट असतं? एके काळी पोटच होतं. 'माझ्या हातून चूक झाली', मग ती बोलण्यातली का असेना. 'परीक्षा तोंडावर आली.' 'माझ्यापाशी' मधलं 'पाशी' संस्कृत 'पार्श्व' वरून आलं, म्हणजे कूस, शरीराची बाजू. 'मागे' मध्ये पोलीस काढतात तो 'माग' आहे, आणि तो आला 'मार्ग' वरून. अंगाचे अवयव आणि पायवाटा झिजत झिजत शब्दयोगी अव्ययं होतात. हे मराठीतच घडतं असं नाही. जगभरच्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांत पाठ 'मागे' होते, पोट 'आत' होतं.

क्रियापदांचंही तेच. 'ती फाइल बघून टाक' म्हटलं तर फाइल कोणी फेकत नाही. 'दूध उतू गेलं', पण गावाला नाही. माझं सर्वांत आवडतं उदाहरण 'म्हणून'. 'पाऊस होता म्हणून आलो नाही.' यात कोण काय म्हणालं? कोणीच नाही. 'असं म्हणून तो गेला' मधलं खरंखुरं म्हणणं झिजून कारण सांगणारं अव्यय झालं. कन्नड आणि तेलुगूतही 'म्हणणे' या क्रियापदाने अशीच कामं उचलली आहेत. आणि वाक्याच्या पोटात वाक्य बसवायला 'म्हणून' सारखे सांधे लागतात. चॉम्स्की ज्याला माणसाचं वेगळेपण म्हणतात, त्याची निदान काही हत्यारं तरी अशी रोजच्या बोलण्यातून, झिजून तयार झालेली दिसतात.

तर, 'करून राहिलो'. 'राहणे' म्हणजे वस्ती करणे, थांबणे. त्यावरून 'चालू असणे'. हिंदीच्या 'कर रहा हूँ' मध्ये तोच 'रहना' आहे. स्पॅनिशमध्ये चालू क्रिया सांगणारं क्रियापद लॅटिनच्या 'उभं राहणे' वरून आलं. वऱ्हाडातल्या मुलाने जगभरातली मळलेली वाट धरली होती. आणि काकांचं 'करतोय'? ते 'करतो आहे'. दोन शब्द बोलता बोलता एकमेकांत विरघळले. एके काळी 'करतोय' ऐकून कुणीतरी चष्म्यावरून पाहिलंच असेल.

भूतकाळ तर आणखी मजेदार आहे. 'रामाने आंबा खाल्ला', पण 'रामाने भाकरी खाल्ली'. क्रियापद रामाचं ऐकतच नाही, खाल्लेल्या पदार्थाचं ऐकतं. परदेशी विद्यार्थी इथे हटकून रडतात. कारण जुनं आहे: संस्कृतात 'रामेण आम्रः खादितः', रामाकडून आंबा खाल्ला गेला, अशी रचना रूढ झाली आणि तिच्या कर्मणी वळणातून आपला साधा भूतकाळ घडला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोलण्याची सवय आपण रोज जेवणाच्या ताटावर वापरतो.

या वाटेची दिशा बहुधा एकच असते. पोटाचं 'पोटी' होतं; 'पोटी' झिजून पुन्हा अवयव झाला असं घडत नाही. म्हणून हाइने आणि कुटेवा या अभ्यासकांनी उलट चालत जाऊन पाहिलं. अव्ययं नामां-क्रियापदांतून आली, प्रत्यय अव्ययांतून आले, तर अगदी सुरुवातीच्या भाषेत फक्त वस्तूंची नावं आणि क्रिया असाव्यात, असा त्यांचा अंदाज. बाकीचा संसार नंतर जमवला गेला.

हे कधी घडलं? मोरोक्कोत सापडलेले आपल्या जातीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत. आज कुठलंही मूल कुठेही वाढवा, तिथली भाषा शिकतं. जपानी बाळ कोथरूडमध्ये वाढलं तर दहाव्या वर्षी रिक्षावाल्याशी मराठीत वाद घालेल. म्हणजे ही कुवत माणसं जगभर पांगण्याआधीच पूर्ण झालेली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत ७५,००० वर्षांपूर्वी गेरूच्या तुकड्यांवर कुणीतरी रेघांची जाळी कोरली. ज्यांना खुणेचा अर्थ ठरवता येतो ती माणसं बोलत नसतील यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. आणखी मागे गेलं की जमीन निसरडी होते. आपल्या जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरीला, डेक्कन कॉलेजच्या लोकांना दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. अशी कुऱ्हाड घडवायला आधी कडा, मग पातं, मधेच कड पुन्हा तासणं, असा पोटात पोट असलेला बेत डोक्यात लागतो. काही संशोधक म्हणतात, वाक्याचा सराव मेंदूने तिथे केला. असेल. पण भाकरी थापणंही आजी न बोलता, नुसतं बघायला लावून शिकवते.

पहिलं वाक्य कोणत्या दिवशी बोललं गेलं, हा प्रश्न मला आता पहिला मराठी बोलणारा माणूस कोण, यासारखा वाटतो. त्याची आई काय बोलत होती? त्याच्याशी ती बोललीच असणार, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलंच असणार.

परवा तेच काका पुन्हा भेटले. धीर करून त्यांना 'करतो आहे' आणि 'करतोय' ची गोष्ट सांगितली. "ते वेगळं," म्हणाले आणि पेपरची घडी घातली. अमरावतीचा मुलगा पुस्तकात डोकं घालून उभा होता, समोरच्या कपावर साय धरायला लागली होती. काका त्याला म्हणाले, "अरे, तो चहा आधी पिऊन टाक. गार होतोय."